जागेआधी वेळ : नागपुरात बाहेर खाण्याविषयी

श्रोतेहो, या व्याख्यानाचा विषय कळल्यापासून ओळखीच्या अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : नागपुरात सगळ्यांत चांगले खायला कुठे मिळते? प्रत्येकाला मी आधी एवढेच विचारले, की तुम्ही किती वाजता जाणार आहात? काहींना हे उत्तर टाळल्यासारखे वाटले. पण टपाल खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत सदर, इतवारी, जरीपटका, धरमपेठ अशा भागांतल्या कार्यालयांत माझ्या बदल्या होत गेल्या, आणि प्रत्येक भागाची खाण्याची घडी निराळी असते हे मी तिथे रोज येता-जाता पाहिले. जी जागा सकाळी आठ वाजता मन तृप्त करते तीच दुपारी बारा वाजता निराश करू शकते, आणि बहुतेक लोक त्या निराशेचा दोष जागेला देऊन तिथे पुन्हा जात नाहीत. म्हणून आज मी जागांपेक्षा वेळांविषयी अधिक बोलणार आहे.

आपल्या शहरात वेळेला इतके महत्त्व येण्याचे पहिले कारण हवामान आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी दहानंतर उघड्यावर उभे राहून खाणे कोणालाही सोसत नाही. उलट हिवाळ्यात पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते आणि गरम रश्श्याची ओढ उजाडण्याआधीच लागते. दोन्ही ऋतूंत सोयीची वेळ एकच, ती म्हणजे सकाळ. दुसरे कारण माझ्या मते कामाच्या पाळ्यांचे आहे. १ जानेवारी १८७७ रोजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि शेकडो हातमागांच्या या शहरात भोंग्याच्या वेळा आल्या. ती गिरणी २००२ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे, तरी पहाटे घराबाहेर पडून पोटभर खाऊन कामाला लागण्याची सवय ज्या वस्त्यांना लागली होती तिथे ती अजून दिसते.

या सकाळचा राजा म्हणजे तर्री पोहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना मी नेहमी सांगते, की पुण्या-मुंबईच्या कांदेपोह्यांशी याची तुलना करू नका, कारण इथे पोहे मुद्दामच सौम्य ठेवलेले असतात. चव येते ती वरून ओतलेल्या काळ्या चण्यांच्या तिखट रश्श्याने आणि त्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाच्या थराने. त्या थरालाच तर्री म्हणतात. वर चिवडा किंवा शेव, बारीक चिरलेला कांदा, सांबार आणि लिंबाची फोड. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ते इडलीची वाट पाहत बसतात.) आता या एका प्लेटचे घड्याळ बघा. दुकान उघडते त्या सुमारास रस्सा पातळ असतो, चण्यांत मसाला मुरलेला नसतो. साडेसात ते नऊ या वेळात रस्सा आटून दाट होतो, चणे बोटाने सहज दाबले जातील इतके मऊ होतात, आणि गिऱ्हाईक सतत येत असल्यामुळे पोह्यांचा नवा घाणा पुन्हा पुन्हा पडत राहतो. अकरानंतर पोहे वाफेवर राहून राहून तळाला चिकट आणि वर कोरडे होतात. कस्तुरचंद पार्कजवळ सकाळी जी गर्दी दिसते तिचे बरेचसे श्रेय या मधल्या दीड तासाला आहे. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याने तर्री आधी कमी मागावी आणि मग वाढवून घ्यावी. ती देताना कोणी हात आखडता घेत नाही.

रविवारच्या सकाळीची खरी चैन मात्र मला जरीपटक्यात समजली. फाळणीनंतर १९४७ पासून सिंधी कुटुंबे या भागात येऊन स्थिरावली आणि त्यांनी आपली दाल-पकवान सोबत आणली. हळद घालून शिजवलेली हरभऱ्याची दाट डाळ, तिच्यावर चिंचेची आणि हिरवी चटणी, कच्चा कांदा, आणि शेजारी मैद्याचे कुरकुरीत तळलेले पकवान. माझी बदली तिथे झाली तेव्हा कार्यालयातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला सांगितले होते, "ताई, रविवारी नऊच्या पुढे आणि अकराच्या आत या, आधी आलात तर डाळ मुरलेली नसेल, नंतर आलात तर पकवान संपलेले असेल." मी त्यांचे ऐकले. साडेनऊच्या सुमारास आजोबा, आई-वडील, नातवंडे अशी अख्खी कुटुंबे बाकांवर बसलेली असत, कोणालाही घाई नसे, आणि ते खाल्ल्यावर घरी दुपारच्या जेवणाचा विषय निघत नसे.

आज धरमपेठ, शंकरनगर, रामदासपेठ या भागांतल्या नव्या कॅफेंच्या पाट्यांवर ब्रंच हा शब्द दिसतो, तेव्हा मला ती बाके आठवतात. हा शब्द १८९५ साली इंग्लंडमधल्या एका साप्ताहिकातील लेखात पहिल्यांदा छापला गेला असे मानले जाते. शनिवारी रात्री उशिरा झोपणाऱ्यांनी रविवारी लवकर उठून जड जेवण करण्यापेक्षा उशिरा एकच निवांत खाणे करावे, असा त्या लेखकाचा आग्रह होता. म्हणजे त्या शब्दात पदार्थ कोणता हे कुठेच नाही, फक्त वेळ आहे. आणि ती वेळ आपल्याला परकी नाही. माझ्या लहानपणी नोकरदार घरांत दहाच्या आत पूर्ण जेवण करून कचेरीला जायची रीत होती. आईने केलेला वरणभात, पोळी आणि वांग्याची भाजी खाऊन वडील साडेनऊला सायकल बाहेर काढत. न्याहारी आणि जेवण यांच्या मधली ही वेळ नागपूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या भरली आहे. कॅफेने तिला आठवड्यातला एक मोकळा दिवस, गार हवा आणि गप्पांना लागणारे टेबल दिले, आणि मला ही चांगली भर वाटते.

या कॅफेंच्या बाबतीत माझा एक अनुभव सांगते. माझ्या सुनेने दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला मला एका नव्या ठिकाणी नेले. रविवार होता, दुपारचा एक वाजला होता. चाळीस मिनिटांनी आलेले ऑम्लेट गार होते, टोस्ट चिवट झाला होता, आणि शेजारच्या टेबलावरचे बोलणे आमच्या टेबलावर आमच्या बोलण्यापेक्षा मोठ्याने ऐकू येत होते. तिला फार वाईट वाटले. मी त्या जागेचे नाव मनातून पुसून टाकले होते, पण पुढच्या महिन्यात एका बुधवारी जवळच काम निघाले आणि सकाळी दहा वाजता मी एकटीच तिथे गेले. सात-आठ माणसे होती. तव्यावरून थेट ताटात आलेले ऑम्लेट कडेला तांबूस आणि आत ओलसर होते, पाव नुकता भाजलेला होता, आणि कॉफी आणणाऱ्या मुलाने ती कुठल्या बियांची आहे हे उत्साहाने सांगितले. स्वयंपाकघर तेच, आचारी तोच. रविवारी दुपारी त्या छोट्या शेगडीवर तिला पेलवेल त्याच्या तिप्पट मागणी येत होती, एवढाच फरक. तेव्हापासून एखाद्या जागेविषयी मत बनवण्याआधी मी तिथे निदान तीनदा आणि तीन वेगळ्या वेळांना जाते, आणि पहिल्या भेटीत साधेच काही मागवते : अंडे, टोस्ट, एक कॉफी. ज्यांना साधे नीट जमते त्यांच्याकडे पुढचे मागवण्यात जोखीम कमी असते. मोबाइलवरचे तारे बघून जाणाऱ्यांना मी हेही सुचवेन, की अभिप्राय कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी गेलेल्याने लिहिला आहे ते आधी पाहावे.

कॉफीचा विषय निघालाच आहे तर सदरच्या इंडियन कॉफी हाऊसचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. अशा संस्थांनी देशभर उभ्या केलेल्या जागांमध्ये दुपारी तीन ते पाच या वेळी बसून डोसा आणि कॉफी घेणे, हा माझ्या नोकरीच्या काळातला मोठा आनंद होता. तिथे लवकर उठा असे कोणी म्हणत नाही.

सावजीविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्याच शहरातले कितीतरी लोक तिथे चुकीच्या वेळी आणि चुकीच्या तयारीने जातात. हलबा कोष्टी समाजाच्या विणकर घरांतून हे जेवण आले. काळा मसाला, दगडफूल, खसखस, सुके खोबरे, आणि जुन्या पद्धतीत जवसाचे तेल. याचा तिखटपणा फक्त लाल मिरचीचा नसतो, मिरे आणि लवंगेचाही असतो. म्हणूनच तो पहिल्या घासाला कळत नाही आणि पाचव्या घासाला कानापर्यंत पोचतो. मटण सकाळपासून शिजत असते आणि मसाला मांसात उतरायला त्याला काही तास लागतात, तेव्हा भोजनालय उघडल्याबरोबर आत शिरण्यापेक्षा दीडनंतर जाणे चांगले. अगदी रात्री उशिरा गेलात तर रस्सा उरतो, तुकडे संपलेले असतात. ज्वारीची भाकरी किंवा पोळी, कच्चा कांदा, लिंबू एवढे सोबत पुरते. शाकाहारी माणसाने बाहेर थांबण्याचे कारण नाही. डाळकांदा आणि पाटोडी रस्सा हे पदार्थ त्याच मसाल्यात होतात आणि माझ्या मते पाटोडीत तो मसाला सर्वांत स्पष्ट कळतो, कारण बेसनाची वडी स्वतःची चव पुढे करत नाही. श्रावणात अनेक घरांत मांसाहार बंद असतो आणि भोजनालयांतली गर्दी ओसरते. ज्यांना श्रावण पाळायचा नसतो त्यांनी त्या महिन्यात जावे. मालकांना बोलायला सवड असते आणि मसाल्याविषयी विचारले तर ते खुलून सांगतात, प्रमाण तेवढे सांगत नाहीत.

मोमिनपुऱ्याची वेळ रात्रीची आहे, आणि तीही रमजानची. बिर्याणी, कबाब, फिरनी यांसाठी इफ्तारनंतर तिथे जावे. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे या रात्री दर वर्षी थोड्या अलीकडे सरकतात. गेली काही वर्षे त्या उन्हाळ्याकडून हिवाळ्याकडे येत आहेत आणि बाहेर फिरायला अधिक सुखद होत आहेत.

इतवारी, महाल, गांधीबाग या जुन्या भागांना मात्र संध्याकाळ हवी. पूर्वी पश्चिम नागपुरातली माणसे गाडी कुठे ठेवायची या चिंतेनेच तिकडे जायचे टाळत. ११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रोचा पूर्वेकडचा मार्ग सुरू झाल्यापासून शंकरनगरला बसून चितार ओळीला उतरता येते आणि ती अडचण राहिलेली नाही. चारनंतर तिकडे कढया तापू लागतात : आलूबोंडे, मुगाचे मंगोडे, कचोरी, आणि या दिवसांत सांबारवडी. तिलाच पुडाची वडीही म्हणतात. कोवळी कोथिंबीर हिवाळ्यात स्वस्त आणि भरपूर मिळते, म्हणून ही वडी हिवाळ्याची. खसखस, खोबरे आणि मसाल्यात परतलेले सारण बेसन आणि कणकेच्या पारीत गुंडाळून तळतात आणि कढीबरोबर देतात. घाणा कढईतून निघाल्यापासून दहा मिनिटांत खाल्ली तर पारी कुरकुरीत आणि सारण ओलसर लागते. अर्ध्या तासाने सारणाचा ओलावा पारीत शिरतो आणि वडी मऊ पडते. घरी बांधून नेणाऱ्यांनी निदान एक तिथे उभे राहून खावी, एवढी माझी विनंती आहे.

आता जानेवारीचा दुसरा आठवडा सुरू आहे आणि कोथिंबीर अजून महिनाभर तरी अशीच येत राहील. आमच्या निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांपैकी सहा-सात जण येत्या रविवारी सकाळी पावणेआठ वाजता कस्तुरचंद पार्कच्या फाटकापाशी भेटणार आहोत. पोहे खाऊन, थोडे चालून, साडेनऊला जरीपटक्यात पोचायचे असा बेत आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर मला सांगावे. स्वेटर घालून या, आणि घरून चहाखेरीज काही घेऊन निघू नका.