चांदोली, ऐन पावसात

(दृश्य: गाडीची काच, वायपर, दोन्ही बाजूंना ऊस)

कोल्हापूर सोडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं की बांबवड्यापर्यंतचा पाऊस आपल्या ओळखीचा असतो. येतो, जातो, भज्यांच्या गाड्यापाशी थांबायला निमित्त देतो. बांबवड्याला वळून सरूडमार्गे कोकरूड गाठायचं. तिथून चरण, आरळा, मणदूर. पुढंपुढं ऊस मागं पडतो, भाताची खाचरं लागतात आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

चांदोली राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं. तरी आम्ही निघालो, कारण कॅमेऱ्याला प्राणी नको होते, पाणी हवं होतं.

(दृश्य: मणदूर, चहाची टपरी)

टपरीवाल्या मामांना मात्र हे काही पटलं नाही. "पावणं, आत्ता काय दिसतंय तिथं? जळवा तेवढ्या भेटतील."

१९८५ साली हे अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या सीमेवर. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गवे, अस्वलं, भेकरं, शेकरू इथले जुनेच रहिवासी. वाघ अधूनमधून कॅमेऱ्यात दिसायचा; २०२५ मध्ये ताडोब्यातून वाघीण आणून इथं सोडली. माणसं मात्र उलट्या दिशेनं गेली. वारणा नदीवरचं चांदोली धरण आणि जंगल, दोन्हींसाठी इथली गावं उठली. आज जिथं गवे चरतात, त्यातली काही कुरणं एकेकाळची शेतं आहेत.

(दृश्य: वसंतसागर, म्हणजे चांदोली धरणाचा जलाशय, धुकं)

आता पाण्याचं बघू. वारणा उगम पावते त्या बाजूला, पाटण तालुक्यात, पाथरपुंज नावाचं गाव आहे. कोल्हापूर शहरात वर्षभरात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाथरपुंजला एखाद्या पावसाळ्यात सात हजारांचा आकडाही ओलांडला जातो. एवढा पाऊस उघड्या डोंगरावर पडला असता तर माती घेऊन थेट धरणात उतरला असता. इथं तो आधी झाडोऱ्यावर अडतो, पालापाचोळ्यात मुरतो, जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यांतून, म्हणजे सड्यांतून, झिरपतो आणि पाऊस ओसरल्यावरही ओढे वाहते ठेवतो. ३४ टीएमसीच्या (म्हणजे ३४ अब्ज घनफुटांच्या) वारणा ऊर्फ चांदोली धरणात गाळ कमी यावा, यासाठी एवढा मोठा पहारेकरी फुकटात मिळालाय. कुणी त्याला पगार देत नाही, हे एक बरं.

पण जंगलालाही मर्यादा आहे. धरण भरत आलं की विसर्ग सुरू होतो. ते पाणी हरिपूरला कृष्णेत मिसळतं आणि तिथून नृसिंहवाडीकडं जातं. तिथं पंचगंगा कृष्णेला भेटते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाट राहत नाही. पाणी मागं फुगतं आणि शिरोळ तालुक्यात घराघरांत शिरतं. त्यामुळं कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावरून ४३ फुटांच्या धोक्याकडं सरकू लागली, की कोल्हापूरकर राधानगरी धरणाच्या दरवाजांची चौकशी करतात, आणि शिरोळची माणसं त्याच दमात विचारतात, "चांदोलीतनं किती सोडलंय?"