वैशाखाचं ऊन जमिनीत कोंडायचं कसं

राम राम मंडळी. आखाजी झाली, माहेरवाशिणी परत गेल्या, शेतं मोकळी पडलीत आणि जळगाव-धुळ्याकडे पारा 43-44 च्या खाली यायचं नाव घेत नाही. सगळे उन्हाच्या नावाने बोटं मोडतायत. पण हे ऊन म्हणजे फुकटचं औषध आहे, ते फक्त जमिनीत कोंडता आलं पाहिजे.

मागे माझी भरताच्या वांग्याची रोपं पिवळी पडत गेली, खत दिलं, फवारणी केली, पाणी वाढवलं, फरक शून्य. शेवटी एक रोप उपटून बादलीत मुळं धुतली तर मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, एकाला एक लागून, माळ ओवल्यासारख्या. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत! दुखणं खाली आणि मी औषध मारतोय पानांवर.

मग त्या जागेवर हे केलं. वाफ्यातली ढेकळं फोडून माती बारीक केली, त्यात कोबीचा पाला कापून, मोहरीची पेंड आणि ताजं शेण मिसळलं, वीतभर खोल ओल जाईल इतकं पाणी दिलं आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा चरात गाडल्या. काळा कागद घेऊ नका बरं का, तो स्वतःच तापतो, पारदर्शकातून ऊन थेट मातीत उतरतं. 25 ते 50 मायक्रॉनचा चालतो, भोक पडलं तर लगेच चिकटपट्टी लावा, नाहीतर सगळी वाफ निघून जाते.

आतमध्ये काय होतं बघा. वरची माती 45-50 अंशांपर्यंत जाते, ओल असल्यामुळे उष्णता खाली पोचते आणि ओलसर किडे-बुरशी कोरड्यापेक्षा लवकर मरतात. त्यात पाला कुजायला लागला की मातीतली हवा संपते, आंबट आम्लं तयार होतात, शेणातून अमोनिया सुटतो, कोबी-मोहरीतून तिखट वायू निघतो आणि हे सगळं कागदाखालीच अडकून राहतं. नुसत्या उन्हाचं तंत्र 1976 साली इस्राएलमधल्या कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं, पण कुजणारा पाला जोडीला दिला की ते जास्त जोरात चालतं. मी आठवड्याने कड उचलून बघितली तर कागदाला आतून थेंबच थेंब आणि नाकात लोणच्याच्या बरणीसारखा वास शिरला.

चार ते सहा आठवडे लागतात, घाई करायची नाही. सगळं शेत झाकायला पण जाऊ नका, खर्च झेपणार नाही. मिरची-वांग्याच्या रोपांचे गादीवाफे एवढंच करा, नंदुरबारकडच्या मिरचीवाल्यांनी तर जरूर करा, रोपमर तिथूनच सुरू होते. आणि खरं सांगतो, लव्हाळ्याच्या गाठी याने मरत नाहीत, फुटाच्या खाली दडलेल्या सूत्रकृमी पण वाचतात. म्हणून कागद काढल्यावर खोल नांगरू नका, खालची रोगट माती वर आणली की मेहनत वाया गेली. आठवडाभर हवा लागू द्या, मग ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं कुजलेलं शेणखत टाका, त्यानंतरच बी टाका. कागद गुंडाळून घरी न्या, बांधावर सोडू नका, गुरं खातात.

मृग लागायला फार दिवस नाहीत, तेव्हा वाफे या आठवड्यातच भिजवा. पुढे रोपं लावायला काढाल तेव्हा दोन-चार बादलीत धुऊन मुळं बोटांनी चाचपून बघा, गाठी लागतात की नाही.