स्ल्येमेची यानित्सा

नमस्कार श्रोतेहो.

आज बर्फाच्या उतारावर जाऊया. आधी मनातल्या मनात एक आवाज ऐका. ठक. ठक. ठक. स्कीइंगमधली स्लॅलमची शर्यत म्हणजे हा आवाज. उतारावर लाल-निळे दांडे रोवलेले असतात, बुडाशी लवचीक सांधा असलेले. खेळाडू त्यांच्यापासून लांबून वळसा घेत नाही. पायातल्या स्की दांड्याच्या बाहेरून जातात, धड मात्र आतल्या बाजूला झुकलेलं, आणि नडगीवरच्या ढालीचा किंवा मुठीचा फटका बसून दांडा आडवा होतो. खेळाडू पुढे गेला की दांडा पुन्हा उभा. दांड्यांची अशी दारं एकामागून एक, आणि त्यातलं एक जरी चुकलं तरी शर्यत संपली. दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज करायची आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत निकाल लावायचा.

ज्या मुलीबद्दल मी बोलणार आहे, तिचं नाव यानित्सा कोस्तेलिच. रोमन लिपीतलं नाव वाचलं तर आपण सहज ‘जानिका’ म्हणू, पण तिच्या गावी यानित्साच म्हणतात. गाव झाग्रेब, क्रोएशियाची राजधानी. जन्म 5 जानेवारी 1982. शहराच्या डोक्यावर मेद्वेद्नित्सा नावाचा डोंगर आहे आणि त्याचं शिखर स्ल्येमे, हजार मीटरहून थोडंसंच उंच. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या आल्प्सपुढे ही टेकडीच म्हणायची. पण यानित्सा आणि तिचा थोरला भाऊ इवित्सा बर्फावर घसरायला शिकले ते इथेच.

वडील आंते कोस्तेलिच मूळचे हँडबॉलचे माणूस. दोन्ही मुलांना त्यांनी स्वतः तयार केलं. ती 9 वर्षांची असताना युगोस्लाव्हिया फुटला आणि युद्ध पेटलं. पैसा नव्हता. बाप आणि दोन मुलं गाडी घेऊन आल्प्समध्ये जात आणि हॉटेल परवडत नाही म्हणून रात्री गाडीत नाहीतर तंबूत झोपत. आपल्या पोरांवर एवढा भरवसा ठेवणारा बाप मला फार मोठा वाटतो.

1998च्या नागानो ऑलिंपिकला ती 16 वर्षांची होती. कंबाइंडमध्ये, म्हणजे वेगाची उतरण आणि स्लॅलम यांची वेळ मिळून लागणाऱ्या निकालात, आठवी आली. पुढच्या वर्षी विश्वचषकातली, म्हणजे हिवाळाभर ठिकठिकाणी चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतली, आपली पहिली शर्यत जिंकली. आणि डिसेंबर 1999मध्ये सेंट मॉरिट्झला ती पडली. गुडघ्यातले अस्थिबंध फाटले. स्की करणाऱ्याचा सगळा जीव गुडघ्यात असतो. वळणावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार तोच झेलतो. तिचा मोसम तिथेच संपला. पण पुढच्याच हिवाळ्यात परत येऊन तिने स्लॅलममागून स्लॅलम जिंकले आणि मोसमभराच्या गुणांच्या बेरजेवर मिळणारा 2001चा एकंदर विश्वचषक नेला.

त्यानंतर गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, आणि तशी ती फेब्रुवारी 2002मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला उतरली. 14 तारखेला कंबाइंडचं सुवर्ण. 17ला सुपर-जी, हा वेगाचा प्रकार, तिच्या हातखंड्याचा नव्हे, तरी रौप्य. पहिली आलेल्या इटलीच्या डानिएला चेकारेलीच्या आणि तिच्या वेळेत फरक केवळ 5 शतांश सेकंदांचा. 20ला स्लॅलम. इथे 7 शतांश तिच्या बाजूने पडले आणि सुवर्ण मिळालं. मग 22 तारखेचा जायंट स्लॅलम, म्हणजे लांब लांब अंतरावरच्या दारांचा. शतांशांच्या खेळात तिने दुसऱ्या क्रमांकाच्या, स्वीडनच्या आन्या पेर्सोनला तब्बल 1.32 सेकंदांनी मागे टाकलं. एकाच ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगची 4 पदकं तोवर कुणालाच मिळाली नव्हती, पुरुषांनाही नाही. आणि क्रोएशियाची हिवाळी ऑलिंपिकमधली ही पहिलीच पदकं.

2003मध्ये पुन्हा विश्वचषक. मग थायरॉइडची शस्त्रक्रिया आली आणि एक अख्खा मोसम गेला. 2005च्या जागतिक स्पर्धेत ती परतली आणि 3 सुवर्णपदकं घेतली, त्यातलं एक डाउनहिलचं! ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाणारी ही शर्यत, आणि जिंकणारी मुलगी दांड्यांमधून वाट काढत मोठी झालेली. त्याच मोसमाचा विश्वचषक तिने पेर्सोनकडे गमावला, 1359 विरुद्ध 1356. अवघे 3 गुण, श्रोतेहो! पुढच्या मोसमात तिने 1970 गुण मिळवून तो परत आणला. त्याच मोसमातल्या तुरीन ऑलिंपिकमध्ये कंबाइंडचं सुवर्ण आणि सुपर-जीचं रौप्य. ऑलिंपिकमध्ये अल्पाइनची 4 सुवर्णं तोवर दुसऱ्या कुठल्याही स्त्रीकडे नव्हती.

आणि एप्रिल 2007मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. वय 25. शरीर दुखून दुखून थकलं होतं. पुढे आणखी किती जिंकली असती याचा हिशेब मला करावासा वाटत नाही. त्या गुडघ्यांनी विश्वचषकाच्या 30 शर्यती जिंकून दिल्या, तेवढं पुष्कळ झालं.

तिच्या आणि भावाच्या यशामुळे 2005मध्ये विश्वचषकाची शर्यत थेट स्ल्येमेवर आली. तिचं नाव ‘स्नो क्वीन’ चषक. विजेतीला मुकुट घालत. यानित्सा या शर्यतीत उतरली, लहानपणीच्या त्याच उतारावर, स्वतःच्या गावकऱ्यांच्या गजरात. पहिल्या वर्षी तो मुकुट फिनलंडच्या तान्या पोउतियाइनेनच्या डोक्यावर गेला, दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रियाच्या मार्लीस शिल्डच्या. यानित्साला तो कधीच मिळाला नाही. शर्यत मात्र तिच्या निवृत्तीनंतरही स्ल्येमेवर होत राहिली.