सोन्याची झावळी

[दृश्य: भाट्याची पुळण, पहाटेची ओहोटी, मागे सुरूचे बन]

रत्नागिरी शहरातून निघून भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला, की उजव्या हाताला सुरूचे बन लागते आणि त्याच्या पलीकडे लांबच लांब पुळण पसरलेली दिसते. मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान शहरातील चित्रपट महोत्सवात ज्या चित्रपटाचा गौरव झाला, त्याचा उत्तरार्ध याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर घडतो. मुंबईतील रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती राहत्या जागेवरचा आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करू शकत नाही, बिल्डरपुढे तिचा निभाव लागत नाही आणि अखेर ती बाडबिस्तरा आवरून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत येते. ही भूमिका छाया कदम यांनी केली आहे, दिग्दर्शिका आहेत पायल कपाडिया आणि चित्रपटाचे नाव आहे 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. मल्याळम आणि हिंदीच्या बरोबरीने त्यात मराठीही बोलली जाते.

या चित्रपटाला कानमध्ये 'ग्रां प्री' मिळाला. ग्रां प्री या फ्रेंच शब्दांचा सरळ अर्थ महापारितोषिक असा होतो, आणि म्हणूनच हाच त्या महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार असावा असे ऐकणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कानमध्ये ग्रां प्रीच्या वर आणखी एक पायरी आहे, तिचे नाव 'पाल्म दोर', म्हणजे सोन्याची झावळी. त्या वर्षी ती शॉन बेकर यांच्या 'अनोरा' या अमेरिकी चित्रपटाला मिळाली. ग्रां प्रीला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार म्हटल्याने पायल कपाडिया यांच्या कामाला कसलेही उणेपण येत नाही. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपटाची निवड १९९४ नंतर प्रथमच, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी झाली होती, आणि त्या पहिल्याच प्रवेशात तो दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचला. ज्या कामाचा आपल्याला अभिमान आहे, त्याला मिळालेल्या मानाचे नावही आपण नेमके उच्चारले पाहिजे, असे आम्हांला मनापासून वाटते.

या नावांचा इतिहास मात्र सरळ रेषेत जाणारा नाही. कानचा पहिला महोत्सव १९४६ मध्ये भरला, तेव्हा पाल्म दोर अस्तित्वातच नव्हता आणि ग्रां प्री हाच सर्वोच्च मान होता. त्या वर्षी तो एका चित्रपटाला न देता ११ चित्रपटांना विभागून देण्यात आला, आणि त्या अकरांमध्ये चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. म्हणजे 'नीचा नगर'ला मिळालेला ग्रां प्री आणि २०२४ चा ग्रां प्री यांचे नाव एक असले, तरी पायरी एक नाही. पाल्म दोर आला १९५५ मध्ये. १९६४ ते १९७४ या काळात तो बाजूला ठेवून पुन्हा ग्रां प्रीच दिला गेला. आणि १९७५ पासून झावळी परतली, ती आजतागायत आहे.

[दृश्य: घराच्या मागच्या अंगणात झाप विणणारे हात]

झावळीच का, या प्रश्नाचे उत्तर कान शहराच्या मानचिन्हात आहे. त्या चिन्हावर पामचे पान आहे, आणि तेच उचलून दागिने घडवणाऱ्या ल्युसिएन लाझों यांनी पुरस्काराचा पहिला आराखडा केला. आज दिला जाणारा नमुना १९९८ मध्ये नव्याने घडवलेला आहे. १८ कॅरेटचे ११८ ग्रॅम सोने, १९ पाती आणि खाली स्फटिकाची बैठक, असे त्याचे रूप आहे. कोकणातल्या माणसाला हे पान निराळे समजावून सांगावे लागत नाही. पडद्यावर आता दिसते आहे ते काम आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घरोघर चालायचे. माडाची वाळलेली झावळी मधोमध चिरायची, पाण्यात भिजत घालायची, मऊ झाली की एकेक पाते आलटून पालटून खालून-वरून घालत झाप विणायचा आणि पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून तो बाहेरून बांधायचा. उरलेल्या पात्यांचे हीर काढून खराटा बांधायचा. जी वस्तू आपल्या अंगणात इतक्या सहजपणे पडते, तिलाच एका शहराने आपल्या सर्वांत मोठ्या मानाचे रूप दिले.

आता कानचा महोत्सव मुळात सुरू का झाला, ते सांगितले पाहिजे, कारण त्यामागे पुरस्कारावरूनच झालेले भांडण आहे.

जगातला सर्वांत जुना चित्रपट महोत्सव इटलीतील व्हेनिसचा. तो १९३२ च्या ऑगस्टमध्ये लिदो बेटावरील एका हॉटेलच्या गच्चीवर सुरू झाला. पहिल्या वर्षी परीक्षक मंडळ नव्हते. कोणता चित्रपट आवडला, हे प्रेक्षकांनाच विचारण्यात आले. दोनच वर्षांनी तिथे सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला, आणि त्याला नाव मिळाले ते सत्ताधीशाचे, 'मुसोलिनी चषक'. पुरस्काराच्या नावातच राज्यकर्ता बसल्यावर निवडीवर त्याची सावली पडणार, हे उघड होते. १९३८ मध्ये हा चषक एका जर्मन आणि एका इटालियन चित्रपटाला दिला गेला. जर्मन चित्रपट बर्लिन ऑलिंपिकवरचा होता आणि तो नाझी राजवटीच्या पाठबळावर तयार झालेला होता. इतर देशांचे प्रतिनिधी संतापले, आणि दबावापासून मुक्त असा महोत्सव आपल्या भूमीवर भरवायचा, असे फ्रान्सने ठरवले. उद्घाटनाची तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९. नेमक्या त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि महोत्सव रद्द झाला. त्यामुळेच कानचा पहिला महोत्सव महायुद्ध संपल्यानंतर, १९४६ मध्ये भरला.

व्हेनिसनेही युद्धानंतर ते नाव टाकून दिले. १९४९ पासून तिथल्या पुरस्कारावर सिंह आला. हा सिंह पंखांचा आहे. तो व्हेनिसचे संरक्षक मानले जाणारे संत मार्क यांचे प्रतीक असून त्या शहरात जागोजाग दिसतो. सोन्याचा सिंह भारताकडे दोनदा आला. १९५७ मध्ये सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी, आणि २००१ मध्ये मीरा नायर यांच्या 'मान्सून वेडिंग'साठी.

मराठी माणसाचे व्हेनिसशी नाते मात्र सिंहाच्याही आधीचे आहे. दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभातसाठी १९३६ मध्ये केलेला 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला आणि तिथे नावाजला गेला. देहूच्या वाण्याची कथा, अभंग आणि विष्णुपंत पागनीस यांचा तो निर्मळ चेहरा, यांतले काहीही परक्या प्रेक्षकासाठी बदललेले नव्हते. पुढे २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने व्हेनिसच्या 'ओरिझोंती' या नव्या प्रवाहांच्या चित्रपटांसाठीच्या विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवला, आणि २०२० मध्ये त्यांच्याच 'द डिसायपल'ला मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला. हे दोन्ही मान फार मोठे आहेत. सुवर्णसिंह मात्र मराठी चित्रपटाला अजून मिळायचा आहे.

[दृश्य: मिरकरवाडा बंदर, मासळीचा लिलाव]

मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे मासळीचा लिलाव होतो, तो सर्वांच्या देखत. टोपली समोर असते, बोली मोठ्याने लावली जाते आणि भाव कसा ठरला, हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळते. महोत्सवातला निवाडा याच्या अगदी उलट, बंद दाराआड होतो. कानच्या मुख्य स्पर्धेचे परीक्षक मंडळ साधारणपणे नऊ जणांचे असते. दिग्दर्शक, अभिनेते, लेखक अशी ही माणसे दहा-बारा दिवसांत वीसेक चित्रपट पाहतात आणि शेवटी एकत्र बसून ठरवतात. या पद्धतीवर आक्षेप घेणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे गैर नाही. पण तिच्यामुळेच, ज्या चित्रपटाला जाहिरातीचे बळ नाही, ओळखीचे चेहरे नाहीत, अशा चित्रपटाकडेही पूर्ण लक्ष देऊन पाहिले जाते. प्रेक्षकांच्या मतांवर निवाडा सोपवण्याचे प्रयोगही झालेले आहेत. बर्लिनचा महोत्सव १९५१ मध्ये सुरू झाला, आणि १९५२ ते १९५५ या वर्षांत सुवर्ण अस्वल हा तिथला सर्वोच्च पुरस्कार प्रेक्षकांच्या मतदानाने दिला गेला. टोरंटोमध्ये तर आजही प्रेक्षकांची पसंती हाच सर्वांत प्रतिष्ठेचा पुरस्कार आहे.

अस्वल हे बर्लिन शहराचे चिन्ह आहे, आणि पुरस्कारावरची त्याची आकृती रेने सिंटेनिस या शिल्पकार स्त्रीची आहे. १९७३ मध्ये हे सुवर्ण अस्वल बंगालच्या दुष्काळावरील 'अशनि संकेत'साठी पुन्हा सत्यजित राय यांच्याकडे आले. त्याआधी १९५८ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले होते.

स्पेनमधील सान सेबास्तियानचा पुरस्कार आहे सोन्याचा शिंपला, कारण ते शहर ज्या उपसागराच्या काठी वसले आहे, त्याचे नावच शिंपला असे आहे. रॉटरडॅमला वाघ, कार्लोवी व्हारीला स्फटिकाचा गोल. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात असे प्राण्याचे वा पानाचे चिन्ह नाही, पण जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या जागतिक कथापट विभागाचा परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला मिळाला, ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवी.

स्वित्झर्लंडमधील लोकार्नोचा सोनेरी बिबट्या आमच्या विशेष आवडीचा. तिथे रात्री शहराच्या मुख्य चौकात उघड्या आकाशाखाली पडदा लागतो आणि सुमारे ८,००० माणसे खुर्च्यांवर बसून चित्रपट पाहतात. देवळाच्या आवारात जत्रेच्या रात्री दशावतार पाहत उजाडेपर्यंत बसणाऱ्या आपल्या माणसांना त्या चौकात मुळीच परके वाटणार नाही.

[दृश्य: पणजी, मांडवीचा काठ, महोत्सवाच्या कमानी]

आपल्या किनाऱ्यावरही एक सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत सुरू झाला; त्या वेळी त्यात स्पर्धा नव्हती. सुवर्ण मयूर १९६५ मध्ये दिल्लीत आला आणि तो श्रीलंकेच्या लेस्टर जेम्स पेरीस यांच्या 'गंपेरलिया'ला मिळाला. अनेक शहरे फिरून हा महोत्सव २००४ मध्ये गोव्यात आला आणि पणजीत स्थिरावला. सुवर्ण मयूरासोबत ४० लाख रुपये दिले जातात आणि ते दिग्दर्शक व निर्माता यांच्यात वाटले जातात. २०२४ चा सुवर्ण मयूर 'टॉक्सिक' या लिथुआनियाच्या चित्रपटाला मिळाला; त्याच चित्रपटाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकार्नोचा सोनेरी बिबट्या पटकावला होता. म्हणजे जगातला एक अव्वल चित्रपट तीन महिन्यांत मांडवीच्या काठी येऊन पोहोचला. सावंतवाडीहून सकाळची एसटी धरली, की दुपारच्या खेळाच्या रांगेत उभे राहता येते. नोव्हेंबरातल्या त्या रांगांमध्ये मालवणी बोलणारी कॉलेजची मुले भेटतात, तेव्हा फार बरे वाटते.

झावळी, सिंह, अस्वल आणि बिबट्या ही चारही चिन्हे एका माणसाकडे आहेत. इराणचे जाफर पनाही यांना १९९७ मध्ये लोकार्नोचा बिबट्या आणि २००० मध्ये व्हेनिसचा सिंह मिळाला. २०१० मध्ये त्यांना सहा वर्षांचा तुरुंगवास आणि २० वर्षे चित्रपट करण्यास बंदी, अशी शिक्षा सुनावण्यात आली. बर्लिनने २०११ च्या परीक्षक मंडळात त्यांना स्थान दिले होते; ते येऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली. बंदी असतानाच त्यांनी तेहरानच्या रस्त्यांवर टॅक्सी चालवत 'टॅक्सी' हा चित्रपट केला. २०१५ मध्ये त्याला सुवर्ण अस्वल मिळाले, आणि ते घ्यायला मंचावर गेली त्यांची लहानगी भाची.

मे २०२५ मध्ये कानच्या परीक्षक मंडळात नऊ जण होते आणि त्यांपैकी एक होत्या पायल कपाडिया. वर्षापूर्वी रत्नागिरीच्या किनाऱ्याची कथा घेऊन जी दिग्दर्शिका स्पर्धक म्हणून तिथे उभी होती, ती आता निवाडा करणाऱ्यांच्या टेबलावर बसली होती. त्या मंडळाने पाल्म दोर जाहीर केला तो पनाही यांच्या 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट'ला. नाव पुकारले गेले तेव्हा पनाही सभागृहातच होते, आणि सोन्याची ती झावळी त्यांनी स्वतःच्या हाताने स्वीकारली.

[दृश्य: भाट्याची पुळण, भरती. पडदा काळा होतो.]