हिरव्या डोक्याचा दगड

श्रोतेहो, नमस्कार.

पुढच्या वेळी एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली, की रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघा. दगडाचं डोकं पिवळं असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, ते या रंगावरून कळतं.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत येतात. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषद. आपल्या राज्यात १९५५ चा महामार्ग अधिनियम आहे. त्याखाली राजपत्रात अधिसूचना निघाली, की रस्ता कायद्याने महामार्ग होतो. मग त्याची हद्द ठरवता येते, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आखता येते. या रेषांच्या आत परवानगीशिवाय बांधकाम चालत नाही. रस्त्यालगत जमीन घेताना लोक सातबारा दहादा तपासतात, या रेषांची चौकशी मात्र क्वचितच करतात.

कागदावरच्या दर्जाला किती वजन असतं, ते २०१७ साली सगळ्या देशाने पाहिलं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. त्यामागे अपघातांत जाणाऱ्या जिवांची काळजी होती. पण शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचे दर्जे बदलायची धांदल उडाली. चंडीगडमध्ये शहरातले महामार्ग 'प्रमुख जिल्हा मार्ग' ठरवले गेले. डांबर तेच, वळणं तीच, वाहनांचा वेगही तोच! मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पुढे जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केलं, की नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारकांना तो आदेश लागू नाही.

दर्जा बदलून रस्ता नगरपालिकेकडे आला, की खड्डेही तिच्याच पदरात पडतात. खड्ड्याबद्दलचा माझा एक अर्ज 'हा भाग आमच्याकडे नाही' अशा शेऱ्यानिशी परत आला होता. मी लिहिलं होतं, 'पिंपळाजवळचा खड्डा'. मग तिथल्या दगडावरची धूळ पुसली, मार्ग क्रमांक आणि किलोमीटर उतरवून घेतला आणि त्या आकड्यांसह नवा अर्ज दिला. तो मात्र परत आला नाही.