बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहायला काय यायला हवं?

नमस्कार श्रोतेहो. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरू लागले की बुद्धिबळाचा प्रोग्राम कुणाच्या तरी मनात येतोच. पाठोपाठ शंकाही येते: 'मला बुद्धिबळ बेताचंच येतं, जमेल का?' जमेल. नियम मात्र तोंडपाठ हवेत. १९९७ साली विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू संगणक अभियंत्यांनी बांधला. खेळातल्या बारकाव्यांसाठी ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांना त्यांनी सोबत घेतलं. २०२० पासून तर स्टॉकफिश या नावाजलेल्या बुद्धिबळ प्रोग्राममध्ये डावाची किंमत ठरवायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांतून शिकणारी गणिती रचना, आलं आहे.

खरी गरज आहे ती आपल्याच कोडवर संशय घेण्याची, आणि तो संशय मोजून फेडण्याची.

पहिला कस लागतो चाली काढताना. त्यासाठी परफ्ट नावाची चाचणी आहे: ठरावीक खोलीपर्यंत, म्हणजे ठरावीक चाली पुढपर्यंत, शक्य असलेल्या सगळ्या चालींच्या वाटा मोजायच्या. आकडे लिहून घ्या. सुरुवातीच्या मांडणीतून पांढऱ्याच्या २० चाली. काळ्याच्या उत्तरासकट ४००. तिसऱ्या पातळीला ८,९०२, चौथ्या पातळीला १,९७,२८१, पाचव्या पातळीला ४८,६५,६०९. तुमचा आकडा ८,९०३ आला तर कुठेतरी एक बेकायदा चाल शिरली आहे. 'एकाचाच तर फरक' म्हणून पुढे जाणाऱ्याने हा प्रोजेक्ट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक हुडकायची रीत सोपी आहे. स्टॉकफिशला तीच मांडणी देऊन परफ्ट चालवा. पहिल्या प्रत्येक चालीखाली किती वाटा निघाल्या, ते तो वेगवेगळं छापतो. ज्या चालीचा आकडा जुळत नाही ती खेळा, खोली एकने कमी करा, पुन्हा ताडून पाहा. चार-पाच फेऱ्यांत नेमकी चाल हाताला लागते.

पण इथे एक फसवी जागा आहे. सुरुवातीच्या मांडणीतून एन पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारणं) पाचव्या पातळीला येतो आणि किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) थेट सातव्या. म्हणजे पाचव्या पातळीपर्यंत सगळं जुळलं तरी किल्लेकोटाचा कोड एकदाही तपासलेला नसतो! म्हणून 'किवीपीट' ही मांडणी घ्या. तिच्यात दोन्ही बाजूंना किल्लेकोटाचा हक्क पहिल्यापासून आहे. तिचे आकडे ४८, २,०३९ आणि ९७,८६२. नेहमीच्या चुका तिथे उघड्या पडतात. हत्ती स्वतःच्या घरातच मारला गेला, तरी त्या बाजूचा किल्लेकोटाचा हक्क काढून घ्यायचं राहतं. वजिराकडच्या किल्लेकोटात राजा ज्या घरावरून जातो ते माऱ्याखाली नको. फक्त हत्ती ओलांडतो ते घर माऱ्याखाली असलं तरी चालतं. एन पासांमध्ये एका आडव्या रांगेतून दोन प्यादी एकदम हलतात, आणि त्यांच्यामागे दडलेल्या हत्तीचा शह राजावर उघडा पडतो.

चालींचा शोध घेण्याच्या भागात गणिताची गोडी हवी. मधल्या डावात सरासरी ३५ चाली धरल्या तर सहा पातळ्यांना सुमारे १८४ कोटी टोकं, म्हणजे शेवटी तपासायच्या मांडण्या, होतात. निकालावर परिणाम न करणाऱ्या वाटा न तपासताच सोडणाऱ्या अल्फा-बीटा छाटणीत प्रत्येक वेळी सर्वोत्तम चाल आधी तपासली गेली, तर ८५,७४९ टोकांत काम भागतं. इतका क्रम कधीच साधत नाही, पण म्हणूनच चालींच्या क्रमावर मेहनत करायची. आणि शोध मारामारीच्या मध्येच थांबवू नका. वजिराने प्यादं मारलं, तिथेच खोली संपली, तर प्रोग्राम प्यादं मिळालं म्हणून खूश. पुढच्या चालीला वजीर जातो. मारायच्या चाली संपेपर्यंत शोध पुढे न्यावा लागतो.

आता सगळ्यात दुर्मीळ गुण: धीर. सुधारणा केली, जुन्या आवृत्तीशी शंभर डाव खेळवले, ५५ गुण आले, म्हणून आनंद मानू नका. काहीही न बदलता तेवढे गुण सहज पडतात. हजार डावांनंतरसुद्धा १५-२० एलोंची (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजायचे गुण) अनिश्चितता उरते. दोन-चार एलोंच्या फरकाला हजारोंनी डाव लागतात. प्रत्येक बाजूला १० सेकंद आणि चालीमागे एक दशांश सेकंद दिला, एका वेळी चार डाव चालवले, तर हजार डाव साधारण दोन तासांत होतात. सुरुवातीच्या मांडण्या वेगवेगळ्या ठेवा, नाहीतर तोच डाव पुन्हापुन्हा खेळला जाईल. आणि प्रत्येक मांडणी दोन्ही रंगांनी खेळवा.

आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि निकाल बिघडतो. म्हणून चाचणी रात्री चार्जर लावून, ब्राउझर बंद करून सुरू करा. सकाळी उठल्यावर आधी वेळ संपून हरलेले डाव मोजा. ते निघाले तर बाकीचे गुण बाजूला ठेवा आणि वेळेचा हिशेब करणारा कोड उघडा.