त्यांना हिंदी येतं ना? मग दुभाषी कशाला?

नमस्कार मंडळी. कॅनडात निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेतलेल्या मराठी मंडळींकडून एकच प्रश्न वारंवार येतो: "कुटुंब अफगाण आहे, हिंदी छान बोलतात. दुभाषी लागतोच का?" लागतो. आज त्याबद्दलच बोलू.

बाकीचं भराभर सांगते. पाच जणांचा गट असो नाहीतर एखाद्या संस्थेमार्फत असो, जबाबदारी साधारण बारा महिन्यांची असते: भाडं, किराणा, शाळा, दवाखाना. 1979 आणि 1980 मध्ये व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून 60,000 माणसं आली, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना अशाच नागरिकांच्या गटांनी सांभाळलं. पहिल्या पंधरवड्यात सिन नंबर (नोकरी आणि सरकारी कामांना लागणारा कॅनडाचा वैयक्तिक क्रमांक), प्रांताचं हेल्थ कार्ड, बँक खातं आणि मुलांच्या भत्त्याचा अर्ज मार्गी लावा. अर्जावर नावाचं स्पेलिंग इमिग्रेशनच्या कागदावर आहे तसंच लिहा, ते चुकीचं वाटलं तरी. आणि कुणाचाही सिन नंबर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

आता हिंदीचं. हे हिंदी येतं कुठून? पाकिस्तानात काढलेल्या वर्षांतून आणि सिनेमातून. नवऱ्याने पेशावरच्या बाजारात काम केलेलं असतं, म्हणून तो घडाघडा बोलतो. बायको घरातच राहिलेली असते, ती हसून मान हलवते. तुम्हाला वाटतं, दोघांनाही समजलं.

एक शब्द बघा: हप्ता. प्रवासखर्चासाठी मिळालेलं सरकारी कर्ज बिनव्याजी असतं आणि दरमहा फेडायचं असतं. आपण मराठी माणसं सवयीने म्हणतो, "लोन का हफ्ता भरना है." दरी भाषेत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, हफ्ता म्हणजे आठवडा! ऐकणाऱ्याला वाटतं, दर आठवड्याला पैसे भरायचे. अजून पहिला पगार हातात नाही आणि त्या माणसाची झोप उडते. तसंच 'कल'. "डॉक्टर के पास कल जाना है." हिंदीत 'कल' म्हणजे उद्याही आणि कालही. तारीख आणि वार कागदावर लिहून द्या.

दवाखान्यात हाच घोळ महागात पडतो. डॉक्टर विचारतात, "समजलं?" उत्तर येतं, "हां जी." ते 'हां जी' आदरापोटी असतं, समजलं म्हणून नाही. म्हणून "समजलं का?" असं विचारूच नका. विचारा, "घरी गेल्यावर ही गोळी कधी आणि किती घ्याल, मला सांगा." दुभाषी नीट असेल तर बरोबर उत्तर येतं. नसेल तर चूक तिथेच कळते.

(कागद कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा. चार रकाने: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य, चंद्र. प्रत्येक रकान्यात जितक्या गोळ्या, तितके गोल. वर गोळीचं रिकामं पाकीट चिकटवलंय. हा कागद फ्रिजवर लावायचा.

एक कमेंट तर दर व्हिडिओखाली येते: "त्यांची मुलगी हुशार आहे, तीच सगळं सांगते." नाही हो! दहा वर्षांच्या मुलीने आईच्या गर्भाशयाच्या तक्रारी डॉक्टरांना सांगायच्या? आई तिच्यासमोर अर्धं बोलतच नाही, आणि उपचार त्या अर्ध्यावर होतात. शाळेतही तेच: शिक्षिका मुलाबद्दल तक्रार करतेय आणि ती तक्रार आईला सांगणार मूलच. घरी तर आणखी वाईट, कारण बिल, नोटीस, घरमालकाचा फोन सगळं त्या पोरीच्या खांद्यावर येतं, आणि बापाला स्वतःच्याच घरात तिला विचारून निर्णय घ्यावे लागतात. तिचं काम फक्त शाळेत जायचं.

मग दुभाषी कसा मागायचा? अपॉइंटमेंट घेतानाच मागा, दारात पोचल्यावर नाही. 'अफगाणी भाषा' म्हणू नका, दरी की पश्तो ते कुटुंबालाच विचारा. दरी बोलणाऱ्यांसाठी इराणी फारसीच्या दुभाष्यावर वेळ मारून नेता येते, पण बरेच शब्द वेगळे आहेत. बाईंची तपासणी असेल तर स्त्री दुभाषी मागा. वेळ दुप्पट धरा. शहर छोटं असेल तर फोनवरचा दुभाषी बरा. समोर बसलेला दुभाषी ओळखीतला निघाला, तर घरातली गोष्ट मशिदीपर्यंत पोचेल या भीतीने माणूस तोंडच उघडत नाही. बोलताना दुभाष्याकडे नाही, त्या बाईंकडे बघा. दोन वाक्यं बोला, थांबा. "त्यांना विचारा" म्हणू नका, थेट "तुम्हाला कुठे दुखतंय?" विचारा.

तुमचं हिंदी वाया जात नाही. बस कशी पकडायची, धने-जिरे कुठल्या दुकानात मिळतात, चहाला बोलावणं, यासाठी ते सोन्यासारखं आहे. सही, औषध, पैसा आणि पोलीस, या चार ठिकाणी मात्र दुभाषी हवाच. फोनजवळ मोठ्या अक्षरात एक चिठ्ठी लावून द्या: 911 (पोलीस, अँब्युलन्स, आग यांचा तातडीचा नंबर), त्याखाली घराचा पत्ता, आणि त्याखाली त्यांच्या भाषेचं नाव, 'दरी' किंवा 'पश्तो', इंग्रजीत. मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून ती चिठ्ठी मोठ्याने वाचून घ्या, फोन न लावता, दोनदा.